तलाव सगळ्यांचा, पण पाळ कोणाची?

वाचकाचे पत्र : आमची वसाहत भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाला लागून, जुन्या मामा तलावाच्या काठावर आहे. एकूण ६४ घरे आहेत. बहुतेक जण शिक्षक, बँकेतले कर्मचारी किंवा निवृत्त. पलीकडच्या काठाला ढिवरांचा, म्हणजे पिढीजात मासेमारी करणाऱ्यांचा, जुना मोहल्ला आहे. गणपती, कोजागिरी, छठ, संक्रांतीचे हळदीकुंकू, आमचे सगळे काही तलावावरच होते आणि त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू घेऊन मात्र आम्ही तीच पाच-सहा घरे असतो. दोन वर्षांपासून पाण्यावर जलपर्णी पसरली आहे. मंडळात आता ठराव येऊ घातला आहे की, श्रमदानाला न येणाऱ्या घराला ५०० रुपये दंड करावा, ढिवर मोहल्ल्यानेही देखभालीचा वाटा उचलावा, आणि आमदार निधीतून सिमेंटची फिरण्याची वाट, कठडा व फाटक करून घ्यावे. हे कानावर गेल्यापासून मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष आमच्याशी बोलत नाहीत. काही जण म्हणतात, यंदा कोजागिरीच बंद करा. मुलांसाठी पायडलची बोट आणण्याचेही चालले आहे. मी मंडळाची सचिव आहे आणि खरे सांगायचे तर थकले आहे. काय करावे?

सप्रेम नमस्कार, ताई.

आधी उत्तर सांगतो, कारणे मागाहून. दंड लावू नका, फाटक बसवू नका आणि कोजागिरी तर मुळीच बंद करू नका. ढिवर मोहल्ल्याकडे वाटा मागायला जाण्याऐवजी काम शिकायला जा. आणि श्रमदानाची पहिली हजेरी तलावावर न घेता तुमच्या वसाहतीच्या मागच्या नालीवर घ्या. हे शेवटचे वाक्य तुम्हाला कदाचित लागेल, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिणार आहे. पण त्याआधी आपण ज्याला तलाव म्हणतो ती वस्तू नेमकी काय आहे, हे एकदा नीट पाहू, कारण तुमच्या मंडळातले निम्मे भांडण ते न पाहिल्यामुळे झाले आहे, असे मला पत्र वाचताना वाटले.

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, एकेकाळी मालगुजारांच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यातला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे जवळपास सात हजार तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून, मुख्यतः कोहळी समाजातल्या जाणत्या माणसांनी, जमिनीचा उतार डोळ्यांनी जोखून ते बांधले. म्हणजे तुमचा तलाव निसर्गाने दिलेला नाही. तो माणसांनी उभा केलेला आणि दरवर्षी माणसांनीच चालू ठेवलेला आहे. ज्या शेताशिवारातून आणि झुडपी रानातून पाणी वाहत येते तो येवा, ते पाणी अडवणारी मातीची पाळ, धानाच्या बांध्यांना पाणी सोडणारे तुडूम, आणि तलाव भरल्यावर जास्तीचे पाणी सुरक्षितपणे बाहेर काढणारा सांडवा, अशा चार अंगांनी तो उभा आहे. यांतले एक अंग जरी दुखावले तरी उरलेली तीन निकामी होतात. तुमच्या पत्रात काठ आहे, पाणी आहे, जलपर्णी आहे, कठडा आहे. पण पाळ, सांडवा आणि येवा यांचा उल्लेख एकदाही नाही, आणि माझ्या मते तुमच्या मंडळाने सर्वांत आधी हीच कसर भरून काढायला हवी.

पूर्वी पाळीवर माती टाकायला माणसे का येत असत, याचे उत्तर फार साधे आहे. तुडुमातून सुटलेले पाणी त्यांच्याच धानाला मिळत असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. ते न्यायाचेच झाले, कारण एका घराण्याच्या मर्जीवर गावाचे पाणी असू नये. पण त्याबरोबर गावाने पाळीपाळीने करायच्या कामाची घडी मोडली, आणि सरकारी खात्याने तिच्या जागी दुसरी घडी बसवली नाही. तुमच्या वसाहतीतल्या एकाही घराचे धान आज या पाण्यावर पिकत नाही. त्यामुळे न येणारी ५८ घरे आळशी किंवा अप्पलपोटी आहेत असे मी मानत नाही. त्यांना तलावाशी बांधणारा धागाच उरलेला नाही. जो काही उरला आहे तो गणपती, कोजागिरी आणि हळदीकुंकवाचा आहे. म्हणूनच कोजागिरी बंद करणे म्हणजे उरलासुरला धागा आपल्या हाताने तोडणे होईल. तुमच्या घरांना तलावावर खेचून आणणारी एवढी एकच गोष्ट तुमच्यापाशी आहे; ती जपा आणि तिलाच काम जोडा.

आता नालीविषयी. जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतली वनस्पती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी तिच्या निळसर-जांभळ्या फुलांसाठी ती आपल्याकडे आणली गेली. पोषक पाणी मिळाले की ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि तिचे बी तळाच्या गाळात कित्येक वर्षे जिवंत राहते. पाणी पोषक होते ते नत्र आणि स्फुरद यांमुळे, आणि हे दोन्ही येतात संडासच्या टाकीच्या सांडपाण्यातून, मोरीच्या पाण्यातून आणि कपडे धुण्याच्या पावडरीतून. तुमची वसाहत तलावाच्या काठावर आहे आणि जलपर्णी दोन वर्षांपूर्वी दिसू लागली, असे तुम्ही लिहिता. तुमच्या ६४ घरांचे सांडपाणी कोठे जाते? मी तुमची वसाहत पाहिलेली नाही, त्यामुळे आरोप करत नाही. पण एखाद्या रविवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे घरोघरी कपडे धुण्याच्या वेळी, मंडळाच्या चार जणांना घेऊन घरांच्या मागच्या नालीच्या कडेने चालत जा आणि ते पाणी शेवटी कोठे उतरते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ते तलावात उतरत असेल, तर तुम्ही हातांनी उपसलेली जलपर्णी दर पावसाळ्यात पुन्हा वाढवण्याचे काम तुमचीच घरे करत आहेत, हे मंडळाच्या बैठकीत स्पष्ट शब्दांत मांडावे लागेल.

यावरचा उपाय अवघड नाही, पण तो घराघरांत शिरून करावा लागतो, म्हणून टाळला जातो. संडासच्या टाक्या दोन-तीन वर्षांतून एकदा टँकर बोलावून उपसून घ्याव्यात. एकेका घराने बोलावण्यापेक्षा पूर्ण ओळीने एका दिवशी बोलावला तर खर्चही कमी येतो. मोरीच्या पाण्यासाठी काठापासून जितके लांब शक्य असेल तितके लांब शोषखड्डे घ्यावेत. आणि वसाहतीच्या नालीला नगरपालिकेच्या गटारात मिळवून देण्याचा अर्ज मंडळाच्या नावाने, सर्वांच्या सह्यांनिशी द्यावा. तुमच्या मंडळाला वर्गणी गोळा करायचीच असेल, तर ती या कामासाठी करा. दंडाच्या ५०० रुपयांपेक्षा टाकी उपसण्याचे पैसे लोक अधिक खुशीने देतील, कारण त्यात त्यांना स्वतःच्या घरचे काम दिसेल.

हे झाले म्हणजे जलपर्णीला हात घाला. ती काढण्याची वेळ उन्हाळ्याची, पाणी मागे सरलेले असताना आणि मृगाच्या आधी. पावसाळ्यात ती पाण्याबरोबर कोपऱ्याकोपऱ्यांत पसरते आणि तेव्हा काढणे म्हणजे नुसती दमणूक. काढलेला ढीग काठावरच टाकू नका; तो पाण्याने ठासून भरलेला असतो, तिथेच कुजला तर त्यातले सगळे पोषण पहिल्या पावसाबरोबर परत तलावात जाते. पाळीच्या पलीकडे, पाणी परत तलावाकडे वाहणार नाही अशा जागी वाळवून त्याचे खत करा. काठावर माजणाऱ्या बेशरम नावाच्या झुडपाचेही असेच. ते नुसते कापले तर दुप्पट जोमाने फुटते आणि ओल्या मातीत पडलेला एखादा तुकडाही मूळ धरतो, म्हणून ते मुळासकट उपटावे आणि पूर्ण वाळेपर्यंत पाण्यापासून लांब ठेवावे. शेळ्यांना ते विषारी असते, तेव्हा ढीग मोहल्ल्यातल्या गोठ्यांजवळ नको.

आता पाळ. माझे आजोळ धानपट्ट्यातले, आणि मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी पहाटे आजोबा पाळीवरून चालायला निघत, हे मी लहानपणी पाहिले आहे. ते वरून चालत नसत. पाळीच्या बाहेरच्या अंगाला, पायथ्याशी, वाकून पाहत चालत. जिथे ओल दिसेल तिथे थांबत, आणि कोठे पाणी झिरपताना दिसले तर सोबत आणलेल्या पितळी पेल्यात ते धरून घरी आणत. पेला ओट्यावर रात्रभर तसाच ठेवायचा, कोणी हात लावायचा नाही. सकाळी पाणी निवळशंख असेल आणि तळाशी काही नसेल तर आजोबा निश्चिंत होत. मातीच्या पाळीतून थोडे स्वच्छ पाणी झिरपतेच. पण पेल्याच्या तळाशी बारीक पिवळसर गाळाचा थर बसलेला दिसला, की चहा न घेता ते पाटलांकडे जात. कारण गढूळ पाणी याचा अर्थ आतली माती वाहून जात आहे आणि पाळीच्या पोटात नळी तयार होत आहे. तलाव फुटतो तो बहुधा अशाच एका बोटभर नळीतून.

हे काम तुमच्या वसाहतीतल्या ज्येष्ठांना आणि शाळकरी मुलांना मिळून देता येईल. रोहिणी लागल्या की एकदा आणि मृगानंतर दर आठवड्याला, दोन मोठी माणसे आणि दोन मुले यांनी पाळीच्या पायथ्याने चालायचे, खेकड्यांची आणि घुशींची बिळे मोजायची, ओल कोठे आहे ते वहीत लिहायचे. आता पितळी पेला नसेल तर काचेची बाटली चालेल. कोरडी बिळे नुसती माती लोटून बुजवू नयेत. ती थोडी खणून मोकळी करावीत आणि ओली चिकणमाती थराथराने कुटून भरावी, तरच ती टिकते. पाणी झिरपणाऱ्या जागेला मात्र स्वतः हात लावू नका. गढूळ पाणी दिसले तर त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी, तलाव ज्या खात्याकडे असेल त्याला आणि तहसील कार्यालयाला कळवा. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव सहसा जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडे असतात. तुमचा कोणाकडे आहे ते कागदावर आधीच पाहून ठेवा आणि त्या कार्यालयाचा क्रमांक मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवा. पाळीवर वड-पिंपळाची रोपे लावण्याचा मोहही टाळा. झाड मोठे झाले की मुळे पाळीच्या पोटात शिरतात, आणि ते मेले की कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला आयती वाट मिळते. पाळीला हवे असते ते दाट गवत. हरळी आणि वाळा यांइतकी माती धरून ठेवणारी दुसरी गोष्ट नाही. वृक्षारोपण करायचेच तर येव्याच्या बाजूला, वरच्या उतारावर करा, तिथे त्याची खरी गरज आहे.

सांडव्याबद्दल थोडक्यात, पण कळकळीने सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत धो धो पाऊस कोसळला, आधीच भरलेला अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि खालच्या वस्त्यांत माणसे झोपेत असताना घरात पाणी शिरले. सांडव्यासमोरच्या बांधकामाचा प्रश्न पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला. तो उत्तरा नक्षत्राचा पाऊस होता, मृगाचा नव्हे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपण जूनमध्ये जागे असतो आणि गणपतीनंतर निर्धास्त होतो. पण तलाव काठोकाठ भरलेला असतो तो भाद्रपदात, आणि धोका तेव्हाच्या पावसाचा असतो. म्हणून पोळ्याच्या सुमारास एकदा आणि गणपती शिरवल्यावर लगेच एकदा सांडवा मोकळा करायचा, हा नियम करा. मांडवाचे बांबू, निर्माल्याची पोती, थर्माकोल, वाहत आलेली जलपर्णी यांतले काहीही तिथे अडकलेले नको. सांडव्याच्या पुढच्या नाल्यात कोणाची भिंत, कोणाचे गाडी लावायचे छप्पर आले असेल तर तेही पाहा, मग ते मंडळाच्या पदाधिकाऱ्याचे असो.

सणांना काम जोडा असे म्हणालो, त्याचा अर्थ एवढाच की ज्या ऋतूत जो सण येतो त्या ऋतूत तलावाला जे हवे असते ते त्याच दिवशी करून टाकायचे. राखीच्या दुसऱ्या दिवशी बायाबापड्या भुजल्या, म्हणजे परडीत उगवलेली गव्हाची रोपे, शिरवायला येतात. त्या पानांनी काही बिघडत नाही, त्या दिवशी फक्त परडी-पिशव्या परत घरी न्यायच्या. गणपतीचे मात्र गांभीर्याने घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिरवण्याआधी फुले, वस्त्रे आणि सजावट वेगळी काढायची असते, आणि तलावात थेट न शिरवता कृत्रिम हौद वापरायचा असतो. तुमच्या ६४ घरांना दोन हौद पुरतील. शाडूच्या मूर्ती हौदात काही तासांत विरघळतात, ती माती पुढच्या वर्षी मूर्तिकाराला परत देता येते. कोणाची प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती असलीच, तर तिच्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत आहे. वेगळ्या पिंपात ती करावी आणि त्यातले पाणी तलावात सोडू नये, कारण त्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खत, तयार होते आणि जलपर्णीला तेच तर हवे असते. छठच्या मंडळींना घाटाची एक बाजू आधीच साफ करून द्या आणि दुसऱ्या दिवशीचे काम त्यांच्यावर सोपवा. पहाटेच्या अर्घ्यासाठी थंड पाण्यात उभी राहणारी माणसे त्याला नाही म्हणणार नाहीत.

कोजागिरीला प्रत्येकाने दुधासाठी घरून पेला आणायचा, एवढ्या एका नियमाने दुसऱ्या सकाळचे निम्मे झाडणे संपेल. आणि त्याच रात्री, दूध आटते आहे तोवर, वर्षाच्या पाळ्या वाटून घ्या. प्रत्येक घराने वर्षातून चार वेळा यायचे: उन्हाळ्यात जलपर्णी व बेशरम, मृगानंतर पाळीची फेरी, भाद्रपदात सांडवा, हिवाळ्यात काठ. तारखा घरांनी स्वतः निवडायच्या आणि सर्वांसमोर फळ्यावर लिहायच्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वही ठेवायची, खात्याला पत्रे लिहायची, सर्वांचा चहा करायचा. ती पाळी इतर पाळ्यांइतकीच मोजायची. दंडाला माझा विरोध अशासाठी आहे की ५०० रुपये देऊन माणूस मोकळा होतो. ज्याची ऐपत आहे तो पैसे टाकून घरी बसेल, ज्याची नाही तो अपमान मानून कायमचा दूर जाईल, आणि पाळीच्या पायथ्याशी वाकून पाहायला शेवटी तुम्हीच उराल. फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलेले नाव मात्र चारचौघांत सहसा कोणी खोटे पडू देत नाही.

ढिवर मोहल्ल्याकडे देखभालीचा वाटा मागण्याची कल्पना मला मान्य नाही, आणि ती मनाला लागली सुद्धा. तुम्ही तलावावर वर्षातून पाच-सात दिवस जाता, ते रोज जातात. तळाला गाळ किती आहे, कोणत्या कोपऱ्यात पाणी शेवटपर्यंत टिकते, मासा कोठे अंडी घालतो, हे तुमच्या मंडळात कोणालाही माहीत नसेल. त्यांच्या दहा वर्षांच्या पोराला माहीत असेल. मच्छीमार संस्था तलावाच्या ठेक्याची रक्कम भरते, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्ले, विकत आणून सोडते. जलपर्णीने पाणी झाकले आणि मासे गुदमरले तर पहिले नुकसान तिचे होते. वाटा ते आधीपासूनच उचलत आहेत, फक्त तो तुमच्या वहीत लिहिलेला नाही.

शिवाय हक्काचाही मुद्दा आहे. आपल्या विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असे दोन जुने दस्तऐवज असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १६१ आणि १६५ या कलमांत त्यांची तरतूद आहे. गावाच्या पाण्यावर, वाटेवर, मासेमारीवर कोणाचा कोणता वहिवाटीचा हक्क आहे, हे त्यांत नोंदलेले असते. तलाठ्याकडे किंवा तहसीलमध्ये जाऊन ते काढून वाचा. फाटक बसवण्याचा ठराव करण्याआधी तर वाचाच, कारण ज्या वाटेला तुम्ही कुलूप लावणार आहात ती कदाचित शंभर वर्षे डोंगा घेऊन जाण्याची वाट असेल.

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव भागात काय झाले, ते तुमच्या मंडळाला ऐकवण्यासारखे आहे. तिथल्या तलावांत बेशरम माजले होते, मूळच्या पाणवनस्पती नाहीशा झाल्या होत्या आणि देशी मासा घटला होता. अभ्यासक मनीष राजनकर आणि ढीवर समाजातल्या शालू कोल्हे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या बायकांना सोबत घेऊन बेशरम उपटले, तळ नांगरला आणि गाद, चिला, देवधान अशा वनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे सांगणारी माणसे त्याच समाजातली होती. त्यानंतर मासा परतला आणि त्यामागोमाग पक्षीही आले. इतके जवळचे उदाहरण असताना सल्लागार शोधायला तुम्हाला लांब जावे लागणार नाही. तो तलावाच्या पलीकडच्या काठावर राहतो.

तेव्हा अध्यक्षांकडे जा. मंडळाचे पत्र पाठवू नका, त्यांना वसाहतीत बैठकीला बोलावू नका. तुम्ही आणि आणखी एखादी वयस्क व्यक्ती, दोघेच, त्यांच्या घरी जा. मेच्या शेवटी जा, कारण जून-जुलै हा माशांच्या विणीचा काळ, तेव्हा जाळी बंद असतात आणि त्याआधी त्यांना पुढच्या मोसमाची तयारी करायची असते. बोलण्याची सुरुवात ठरावाने न करता चुकीच्या कबुलीने करा: "भाऊ, ठरावात मोहल्ल्याचा विषय तुम्हाला न विचारता आला, ते चुकले. यंदा जलपर्णी कोणत्या बाजूने काढायला घ्यावी, ते तुम्ही दाखवा, माणसे आम्ही आणतो." त्यानंतर जे ते सांगतील ते लिहून घ्या. त्यांनी एखादा कोपरा तसाच ठेवा म्हटले तर तसाच ठेवा, कारण तिथे विणीची जागा असू शकते. पहिल्या पावसात येव्याच्या ओढ्याने वर चढणारे, अंड्यांनी भरलेले मासे वसाहतीतली तरुण मुले टोपल्यांनी धरत असतील तर ते थांबवण्याचे वचनही त्याच वेळी द्या. ही तक्रार ते स्वतः तुमच्याकडे करणार नाहीत, पण मनात असेल.

सिमेंटच्या वाटेविषयी मी स्पष्टपणे विरोधात आहे. फिरायला वाट हवी, ही ज्येष्ठांची मागणी रास्त आहे. पण ती पाळीवर किंवा पाण्याला लागून नको. तलावाचा जिवंत भाग म्हणजे त्याचा उथळ, उतरता काठ. तिथेच देवधान उगवते, तिथेच कमळपक्षी पानांवरून चालतो, तिथेच पिल्ले लपतात. तो उभ्या भिंतीने तोडला की तलावाची टाकी होते. येव्याच्या बाजूला भिंत आली तर पाणी आत येण्याची वाटच अडते, आणि हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे लांबून येणारे पाहुणे रात्रभर जळणाऱ्या उंच दिव्यांच्या काठावर उतरत नाहीत. वसाहतीच्या आतल्या अंगाने, पाण्यापासून हटून, मुरमाची वाट करा. तिला खर्चही थोडा येतो आणि दुरुस्ती तुमची तुम्हाला करता येते. आमदार निधी मिळतच असेल तर तो सांडव्याच्या दुरुस्तीसाठी आणि तुमच्या नालीसाठी मागा. गाळ काढायचा असेल तर शासनाची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून आहे. शेतकरी गाळ शेतात नेतात. फक्त पाळीच्या पायथ्याजवळ खोदू देऊ नका आणि मूळ तळाच्या चिकण थराखाली यंत्राचा दात जाऊ देऊ नका, नाहीतर तलाव खोल होईल पण पाणी धरणार नाही.

तुमच्या थकव्याबद्दल. सचिवपद सोडू नका, पण यंदा झाडूची मोजदाद सोडा. कोण आले आणि कोण आले नाही हे मनात धरून ठेवल्याने माणूस कामाहून अधिक दमतो. फळा लावला की ती नोंद फळ्यावर राहील, तुमच्या डोक्यात नको. आणि पहिल्या वर्षी ६४ पैकी २० घरे आली तरी ती आजच्या तिप्पट-चौपट आहेत, हे विसरू नका.

राहिली बोट. मुलांना पाण्यावर जाता यावे असे मलाही वाटते. ती मंडळाने विकत घेऊ नये. मच्छीमार संस्थेला चालवायला सुचवावे, म्हणजे चार पैसे त्यांना मिळतील आणि वल्हवणारा माणूस पोहता येणारा असेल. जून-जुलैत ती बंद, थंडीत पक्षी असतात त्या कोपऱ्यापासून दूर, आणि जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय एकही मूल आत बसणार नाही. अध्यक्षांच्या घरी जाल तेव्हा हा विषय मात्र पहिल्या भेटीत काढू नका; आधी जलपर्णीचे बोला, बोटीचे दिवाळीनंतर.